ढाक्यात खुर्ची बदलली म्हणून लगेच लिहू नकोस

अगं, तुझा ड्राफ्ट काल रात्री वाचला. बांगलादेशात शेख हसीनांची सत्ता गेली, आता ईशान्येत अतिरेकी परत डोकं वर काढणार, हे तू तीन पानं लिहिलंयस. मेहनत दिसते, पण घाई झालीय. ओरडत नाहीये, कारण हीच घाई मी उलट्या बाजूनं केलेली. डिसेंबर 2009 ला अल्फाचा, म्हणजे आसाममधल्या त्या सशस्त्र फुटीर संघटनेचा, अध्यक्ष अरबिंद राजखोवा आपल्या हाती लागला आणि मी वर्गात फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरात लिहून मोकळा, 'अल्फा संपली'. त्यांचा लष्करी प्रमुख परेश बरुआ मात्र निसटला, पुढे म्यानमारच्या जंगलात बसला. त्या बॅचची पोरं अजून चिडवतात मला.

सरकार बदललं की नेमकं काय बदलतं ते बघ. 2004 च्या एप्रिलमधली ती रात्र घे. चितगावला कर्णफुलीच्या काठी सरकारी खत कारखान्याची जेटी, ट्रॉलरमधून पेट्या उतरतायत, क्रेननं ट्रकांत चढतायत, एकदोन नाही, दहा ट्रक, आणि पोलिसांनी धाड टाकली. जवळजवळ 5 हजार बंदुका, 27 हजार ग्रेनेड, 11 लाखांवर गोळ्या. माल अल्फासाठी होता असं पुढे कोर्टात आलं. आता मला सांग, सरकारी जेटीवर क्रेन लावून एवढा माल उतरतो म्हणजे गेटवरच्या माणसापासून वरपर्यंत किती जणांनी डोळेझाक केली असेल? खालिदा झियांचं सरकार होतं तेव्हा. हसीना 2009 ला आल्या आणि ही डोळेझाक बंद झाली, खरा फरक तो. राजखोवाचं तर प्रत्यार्पणसुद्धा नाही, तसा करारच 2013 ला झाला, कागदोपत्री तो मेघालयात सीमेजवळ डावकीला सापडला. काय समजायचं ते समज.

पण म्हणून हसीना म्हणजे लगेच सगळं ओके असंही नाही हं. अल्फाचाच नेता अनुप चेतिया 1997 लाच ढाक्यात पकडला गेलेला, त्यांच्याच पहिल्या कारकिर्दीत, आणि आपल्याला मिळाला कधी, नोव्हेंबर 2015 ला! अठरा वर्षं.

आता तुझा मुख्य मुद्दा. त्या दहा ट्रकांच्या केसमध्ये 2014 ला 14 जणांना फाशी सुनावली होती, त्यात तेव्हाचे गृहराज्यमंत्री बाबर आणि बरुआही. डिसेंबर 2024 मध्ये, हसीना गेल्यावर चार महिन्यांनी, हायकोर्टानं बाबरना सोडलं आणि बरुआची फाशी जन्मठेपेवर आणली. हे तू बरोबर पकडलंस, शाब्बास. पण कोर्टाची फाइल फिरली म्हणजे छावण्या उभ्या राहिल्या असं होत नाही, त्याला वेगळा पुरावा लागतो आणि तो तुझ्या तीन पानांत कुठेच नाहीये. बरुआची माणसं तर म्यानमारच्या सागाइंगकडे आहेत, त्या देशात फेब्रुवारी 2021 ला लष्करानं सत्ता घेतली खरी पण सागाइंगमधला मोठा पट्टा त्यांच्या हातातून गेलाय. म्हणजे त्याचं काय होणार हे ढाक्यापेक्षा तिकडे जास्त ठरतंय, आणि तू म्यानमारला एक ओळसुद्धा दिली नाहीस.

आणि शेजारी आपल्या सोयीचं सरकार आलं म्हणून खूश होणाऱ्यांचं काय होतं ते पाकिस्तानकडे बघ. ऑगस्ट 2021 ला तालिबान काबूलमध्ये शिरले, पुढच्याच महिन्यात आयएसआयचे तेव्हाचे प्रमुख काबूलच्या हॉटेलात चहाचा कप हातात घेऊन सगळं ठीक होईल म्हणत होते. नोव्हेंबर 2022 ला पाकिस्तानी तालिबाननं शस्त्रसंधी मोडली आणि हल्ले वाढतच गेले. अफगाण तालिबान ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षं एका ताटात जेवले, लढले, त्या पाकिस्तानी तालिबानला काबूल एका फोनवर हाकलून देईल असं समजणं हा भाबडेपणाच होता ना.

तर शीर्षकातला 'अटळ' शब्द काढ आधी. मग नकाशा घे, डावकी, चितगाव, सागाइंग तिन्हीवर खूण कर आणि प्रत्येक ठिकाणी लिही की 2004, 2009 आणि आत्ता तिथे कुणाची चौकी होती आणि ती कुणाचं ऐकत होती. रविवारपर्यंत पाठव, सोमवारी मी गावाला जातोय, तिकडे रेंज नसते.