टकमक टोक आणि तुझा गृहपाठ

प्रिय चिऊ,

परवा रविवारी आजोबांचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू मला दोन प्रश्न विचारलेस आणि मी तव्यावर भाकरी आहे म्हणून टाळलं. आजोबा पेपर वाचता वाचता ओरडले होते, "आज महाराज असते ना, तर एकेकाचा कडेलोट केला असता!" कडेलोट म्हणजे काय ते बाबांनी तुला सांगितलं, रायगडाच्या टकमक टोकाचा फोटो दाखवला, आणि तुझा घास हातातच राहिला. मग तू विचारलंस, आपली माणसं सरकारवर चिडली की वारलेल्या माणसांना का बोलावतात? आणि आजोबांना खरंच मंत्र्यांना दरीत ढकलायचंय का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नाही. आजोबांच्या हातून उंदीरसुद्धा मरत नाही. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ते ओढ्यापलीकडे सोडून येतात, आणि आजीच्या म्हणण्याप्रमाणे तो त्यांच्या आधी घरी पोचतो.

पहिल्या प्रश्नासाठी हे पत्र. मुद्दाम मराठीत लिहितेय. अडलं तर बाबांना विचार, पण 'रयत' त्यांना विचारू नकोस, मीच सांगते. राजाच्या मुलखात राहणारी, शेत पिकवणारी, सारा भरणारी साधी माणसं म्हणजे रयत. पुढे हा शब्द लागणार आहे.

आता, ही खोड फक्त आपली नाही. २०२६ चा जुलै म्हणजे आपण राहतो त्या अमेरिकेची अडीचशे वर्षं, आणि तुझ्या बाईंनी दिलेला निबंध तरी काय आहे? 'देश घडवणारे आज आले तर काय म्हणतील?' म्हणजे आजोबांचंच वाक्य, फक्त टकमक टोक वजा करून. आपल्याकडे मात्र प्रत्येक तक्रारीसाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. रस्त्यात खड्डा पडला की महाराज असते तर. वसतिगृह बंद पडलं, शिष्यवृत्ती अडकली की बाबासाहेब असते तर. गावात घाण साचली की गाडगेबाबा खराटा घेऊन येतात. साखर कारखाना बुडाला की कऱ्हाडकडची माणसं यशवंतरावांना हाक मारतात. मी लहानपणी हे सगळं इतकं ऐकलंय की मला वाटायचं, ही मंडळी शेजारच्या गावी राहतात, फक्त निरोप पोचायचा बाकी आहे.

यात एक गंमत आहे, आणि एक लबाडीही. वारलेला माणूस उलट बोलत नाही. त्याच्या तोंडी आपलं म्हणणं घातलं तरी तो "मी असं कधी म्हणालो?" असं विचारायला येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली महाराजांवर पोवाडा लिहिला, त्यात महाराज 'कुळवाडीभूषण' होते, शेतकऱ्यांचे राजे. पुढे पंचवीसएक वर्षांनी टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव उभा केला, तेव्हा महाराज इंग्रजांविरुद्धच्या स्वराज्याची खूण झाले. महाराज एकच, पण ज्याला जे हवं होतं ते त्याला त्यांच्यात दिसलं. आजही निवडणुकीत समोरासमोरच्या दोन्ही सभांमध्ये मागे फोटो त्यांचाच असतो.

पण महाराजांनी कागद मागे ठेवलेत, चिऊ, आणि कागदाच्या तोंडी आपलं म्हणणं घालता येत नाही. राज्याभिषेकाच्या आसपासचं त्यांचं एक पत्र आहे. चिपळूणजवळ दळवटण्याला घोडदळाची छावणी पडली होती, तिथल्या जुमलेदारांना, म्हणजे घोडदळातल्या अधिकाऱ्यांना, आणि कारकुनांना लिहिलेलं. मला वाटलं होतं लढाईबिढाईचं असेल. कॉलेजात वाचलं तेव्हा कळलं की ते गवताबद्दल आहे! पावसाळ्यासाठी म्हणून दाणा आणि वैरण साठवून ठेवली आहे, ती आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुमचे शिपाई गावात शिरतील. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. असं व्हायला लागलं की रयतेला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे.

आणि त्याच पत्रात उंदीरही आहे. रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, सगळी वैरण जाईल. एवढं मोठं राज्य उभं करणारा माणूस छावणीतल्या उंदराचा विचार करत होता. १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात तर रयतेच्या भाजीच्या एका देठालाही मन दाखवू नकोस, अशी ताकीद आहे. 'हात लावू नकोस' नाही, मनसुद्धा नको.

म्हणून 'महाराज असते तर' असं कोणी म्हणालं की मला टकमक टोक दिसत नाही, देठ दिसतो. महाराजांनी आज मंत्रालयात येऊन काय केलं असतं ते मला सांगता येणार नाही. पण त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असतं ते त्या कागदांवरून बरंचसं ताडता येतं. गोदामात काय शिल्लक आहे, ते कोणी नेलं, आणि कुणब्याला त्याचं मोल मिळालं का.

आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर, आणि मग कडेलोट!"

इथे त्यांच्याशी माझं जमत नाही. कडेलोटाला राजा लागतो, आणि आपण राजा ठेवला नाही. तो निर्णय ज्यांनी घेतला ते आजच्या भारताचे खरे घडवणारे. ९ डिसेंबर १९४६ ला दिल्लीत घटना समितीची पहिली बैठक झाली आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना मंजूर झाली. जवळजवळ तीन वर्षं ही माणसं भांडली. तू शाळेत 'घडवणारे' हा शब्द असा म्हणतेस, जणू ते सगळे एका सुरात बोलत होते. अगं, हनुमंतय्या नावाचे एक सभासद तयार मसुदा पाहून म्हणाले की आम्हाला वीणा-सतारीचे सूर हवे होते आणि हे तर इंग्रजी बँडचं संगीत झालं. म्हणजे एका घडवणाऱ्याला घडवलेलं तेव्हाच पसंत नव्हतं.

घटना मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, बाबासाहेब बोलले. मसुदा समितीचे ते अध्यक्ष. मोठी झालीस की ते भाषण पूर्ण वाच. आत्ता तीनच गोष्टी सांगते. एक, घटना कितीही चांगली असली तरी राबवणारी माणसं वाईट निघाली तर ती वाईटच ठरेल. दोन, २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगत आयुष्यात पाऊल टाकतोय, मतपेटीपाशी सगळे समान आणि समाजात, पैशात असमान. तीन, धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे तिसरं वाक्य ज्या चौकात फलकावर लावतात, तिथेच कोणाचा तरी पंचवीस फुटी कटआउट उभा असतो. असो.

तुझ्या निबंधाला उपयोगी पडेल अशी गोष्ट तर पुढेच आहे. त्याच भाषणात बाबासाहेबांनी अमेरिका घडवणाऱ्या तुमच्या जेफरसनचा दाखला दिला. प्रत्येक पिढी म्हणजे एक वेगळं राष्ट्रच, तिला स्वतःला बांधून घेता येतं, पण पुढच्या पिढीला बांधून ठेवण्याचा हक्क तिला नाही, असं जेफरसनचं म्हणणं. त्याने १७८९ साली पॅरिसहून मॅडिसनला, म्हणजे अमेरिकेची घटना घडवणाऱ्या त्याच्या मित्राला, लिहिलेल्या पत्रात तर मृत्यूचे तक्ते मांडून हिशेब केला होता की कुठलाही कायदा एकोणीस वर्षांनी आपोआप संपला पाहिजे. मॅडिसनला ते मुळीच पटलं नाही. सगळी माणसं समान जन्माला येतात असं लिहिणाऱ्या या जेफरसनने आयुष्यात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून ठेवली, हेही निबंधात लिही, बाई काही म्हणाल्या तरी. घडवणाऱ्यांनी आपल्याला मार्क द्यायचे असतील तर त्यांची उत्तरपत्रिकाही टेबलावर असू दे.

मागे आपण कोलंबिया विद्यापीठात गेलो होतो, तिथल्या ग्रंथालयातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी तुला भूक लागली होती म्हणून तू रडलीस, आठवतंय? सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते तिथे आले.

'बाबासाहेब असते तर' याचं उत्तर आपल्याला कल्पनेने द्यावं लागत नाही, कारण घटना लागू झाल्यावर ते जवळजवळ सात वर्षं होते आणि गप्प बसले नव्हते. हिंदू बायकांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणारं हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते मुंबईतून उभे राहिले आणि पडले. हो, पडले! ज्यांना त्यांनी मताचा हक्क दिला, त्यांनी त्यांना मत दिलं नाही. १९५३ साली राज्यसभेत ते चिडून म्हणाले की ही घटना जाळायला पहिला मी पुढे येईन. एवढंच वाक्य लोक भांडणात वापरतात. दोन वर्षांनी सभागृहात कोणीतरी त्याचं कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, आम्ही देवासाठी देऊळ बांधलं, पण देव बसवायच्या आधीच सैतानाने ताबा घेतला. राग दगडांवर नव्हता, आत शिरलेल्यावर होता.

आणि बाकीचे घडवणारे? घटना लागू होऊन दीड वर्ष व्हायच्या आत, जून १९५१ मध्ये, त्याच माणसांच्या हंगामी संसदेने तिच्यात पहिली दुरुस्ती केली आणि भाषणस्वातंत्र्यावरची बंधनं वाढवली. त्यामुळे 'त्यांना आज काय वाटलं असतं' या प्रश्नाला 'त्यांना त्याच दिवशी काय वाटत होतं' इथपासून सुरुवात करावी लागते.

मला विचारशील तर मी त्यांनी लिहून ठेवलेली फूटपट्टी लावते. राज्याचं सरकार दूर करून दिल्लीने कारभार हाती घ्यायचा, असं ३५६ वं कलम आहे. बाबासाहेब म्हणाले होते की ही अक्षरं मेलेलीच राहतील अशी आशा आहे. देशात ती शंभराहून जास्त वेळा जिवंत झाली, एकट्या महाराष्ट्रात तीनदा: १९८०, २०१४ आणि २०१९. पहिली लोकसभा पाच वर्षांत ६७७ दिवस बसली, सतरावी २७४ दिवस. लोकसभेने 'शक्य तितक्या लवकर' उपाध्यक्ष निवडावा असं घटनेत लिहिलंय. सतराव्या लोकसभेने पाच वर्षांत तो निवडलाच नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं तिथे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. यातलं एकेक एकेका पक्षाच्या नावावर टाकून मोकळं होता येईल, आजोबा तसंच करतात. पण १९८० पासूनची ही यादी एका पक्षाची नाही.

त्यांना अचंबा वाटावा असंही काही आहे. १९५१ च्या जनगणनेत शंभरातल्या जेमतेम अठरा जणांना लिहिता-वाचता येत होतं, आणि घटना घडवणाऱ्यांनी सगळ्या प्रौढांना, बायकांनासुद्धा, पहिल्याच दिवशी मताचा हक्क दिला. तेव्हा पुष्कळांना तो वेडेपणा वाटला. आज तुझी पणजी काठी टेकत मतदानाला जाते आणि कोणाला मत दिलं ते पणजोबांनाही सांगत नसे.

आजोबांबद्दल एक गोष्ट तुला कॉलवर दिसत नाही. कडेलोटाची आरोळी ठोकून झाली की ते टोपी घालतात, झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. सध्याचा अर्ज ओढ्यावरच्या साकवाबद्दल, म्हणजे छोट्या पुलाबद्दल, आहे. किती पैसे मंजूर झाले, सिमेंटची किती पोती आली, मोजमापाच्या वहीत काय लिहिलंय. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून आजीच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, त्यांनी लाल गोल केलाय. जुन्या अर्जांची दोऱ्याने बांधलेली फाईल कपाटावर आहे. येत्या रविवारी त्यांना ती दाखवायला सांग. तासभर मोकळा ठेव.

तुझी,
आई

ता. क. आजोबा ज्या ओढ्यापलीकडे उंदीर सोडतात, तो हाच ओढा. साकव झाल्यापासून उंदीर आणखी लवकर परत येतात, असं आजी म्हणते.