मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) पसरल्यावर केमो आणि इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणारी औषधं) एकत्र दिली तर जास्त फायदा होतो का?

नाही. निदान पहिला उपाय म्हणून तरी नाही. आईच्या दहाव्याला मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "सोबत केमो दिली असती तर आक्का वाचली असती." ते अजूनही तेच म्हणतात, म्हणून हे लिहितोय.

आईच्या डाव्या टाचेवर काळा डाग होता. कुरूप समजून आम्ही वर्षभर मेडिकलमधली पट्टी लावत बसलो. रोपलावणीच्या चिखलात तो चिघळला तेव्हा कुठे बायोप्सी झाली. तोवर जांघेत गाठी आल्या होत्या, कॅन्सर फुप्फुसातही पोचला होता. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुरू झालं. मामांचा हट्ट, केमो आणि हे, दोन्ही एकदम द्या, त्यांच्या मित्राला दिलं होतं. अहो, पण मित्राला फुप्फुसाचा कॅन्सर होता! तिथे ही जोडी चालते. मेलानोमा केमोला फारशी दाद देत नाही. डाकार्बाझिन हे केमोचं औषध १९७५ पासून वापरात आहे, पण त्याने आयुष्य वाढतं हे कधी सिद्धच झालं नाही.

इपिलिमुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आणि डाकार्बाझिन एकत्र देऊन पाहिलंय. ५०२ रुग्णांच्या त्या चाचणीचे निकाल २०११ साली आले: नुसत्या डाकार्बाझिनवर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ९.१ महिने, जोडीवर ११.२, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा फरक. वर यकृताला त्रास. उलट इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब, म्हणजे दोन्ही इम्युनोथेरपीचीच औषधं, मिळालेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. जोडी लावायची तर ही.

तिसऱ्या डोसनंतर आईला दिवसाला आठ-दहा जुलाब सुरू झाले. मामा म्हणाले, बाहेरचं काही खाल्लं असेल. ताकभात दिला, गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. चार दिवस गेले. औषधाने चेतवलेली प्रतिकारशक्ती तिच्याच आतड्यावर उलटली होती. स्टेरॉइड द्यावं लागलं आणि निवोलुमॅब बंद झालं. गाठी वाढल्यावर कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल दिलं. म्हणजे केमो दिली होती, मामा! तीन सायकल. उपयोग झाला नाही.

हेही सांगायला हवं, की वरचे आकडे बहुतांशी गोऱ्या रुग्णांचे आहेत. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या तळपायाच्या मेलानोमावर ही औषधं कमी चालतात. कोणाला काय द्यायचं ते ऑन्कॉलॉजिस्टच ठरवतील. तुम्ही पहिल्या डोसच्या आधी त्यांच्याकडून एवढं लिहून घ्या: रात्री जुलाब लागले तर फोन कोणाला करायचा.