हाडं जुळली, आता घरी काय सांगायचं?

प्रिय,

संहारानंतर समेट कसा घडवायचा याची तुझी यादी पाहिली: खटले, सत्यशोधन आयोग, माफीनामे. ती जरा बाजूला ठेव आणि बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सापासून, तिथेही हाडांपासून सुरुवात कर. पोरगा सापडल्याशिवाय तिथल्या आयांशी समेटाचं बोलू नये.

जुलै १९९५मध्ये तिथे ८,०००हून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुरावा दडवायला सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून मृतदेह दुसरीकडे पुरले. त्यात देह तुटले. एकाच माणसाची हाडं चार-चार खड्ड्यांत निघाली. म्हणून हाडाइतकंच भोवतालच्या मातीला जप. कोझलुकच्या कबरीत बाटल्यांच्या कारखान्यातली हिरवी काच होती. तीच काच दूरच्या खड्ड्यांत मिळाली, तेव्हा कुठले मृतदेह कुठे हलवले ते कळलं. माती घाईने धुऊन टाकली की असा दुवा गेला.

कपड्यांवरून ओळख पटवू नकोस. वेढ्यातल्या गावात उसने, मदतीत आलेले कपडे सगळेच घालतात. नोव्हेंबर २००१मध्ये पहिली डीएनए जुळणी झाली आणि कामाला खरा वेग आला. नातेवाइकांच्या रक्ताचे थेंब कार्डावर घ्यायचे. मांडीच्या हाडाचा तुकडा किंवा दात वरून घासून, धुऊन, त्याची भुकटी करायची. जुळणी ९९.९५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाव द्यायचं नाही.

तरीही अडतं. दोन सख्खे भाऊ बेपत्ता असले तर आईवडिलांच्या रक्तावरून 'यांचा मुलगा' एवढंच कळतं, थोरला की धाकटा ते नाही. लग्न झालेलं असेल तर त्याच्या मुलाबाळांचं रक्त लागतं. नसेल तर वय, उंची, दात. तेव्हा रक्त घेतानाच पूर्ण वंशावळ लिहून घे, गेलेल्यांसकट. रक्त देणारे तेवढेच नोंदवायचे, ही नवख्यांची नेहमीची चूक.

खरा पेच पुढेच आहे. बरगड्या आणि एक पाय मिळाला, कवटी नाही. पुरायचं की थांबायचं? स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीत दरवर्षी ११ जुलैला सामूहिक दफन होतं, त्यामुळे तारीख जवळ आली की सगळ्यांनाच घाई होते. निर्णय घरच्यांचा, तू सल्लाही देऊ नकोस. मात्र दफनानंतर आणखी हाड जुळलं तर कबर पुन्हा उघडावी लागते, हे आधी स्पष्ट सांग. 'पुढे काही मिळालं तर कळवू का?' हे पहिल्याच भेटीत विचारून सही घे. नाहीतर दहा वर्षांनी बोटाच्या एका हाडासाठी फोन जातो आणि म्हातारीचं सुतक नव्याने सुरू होतं.

जवळपास ७,००० जणांची ओळख पटली आहे. संहार झालाच नाही म्हणणारे तरीही आहेत, म्हणून हाडाच्या क्रमांकात खाडाखोड चालत नाही: तीच नोंद कोर्टात जाते आणि तीच आईकडे.

घरी जाताना सापडलेल्या हाडांचा आराखडा बंद पाकिटात ने, मागितल्याशिवाय काढू नकोस. आणि दोन मुलगे गेलेलं घर असेल तर तोंड उघडण्याआधी अहवालावरचं नाव पुन्हा एकदा वाच.

कळावे.