हळू चालणारं मोठं विमान: रॅम्पवर नेमकं जपायचं कशापासून?

तुमचा प्रश्न असा, की ग्राउंड हँडलिंगमध्ये (विमानाच्या जमिनीवरच्या कामात) नुकतेच रुजू झाला आहात, विमान रॅम्पवर (विमानं उभी राहतात त्या आवारात) माणसाच्या चालीने येतं-जातं, मग सीनियर मंडळी सारखी ओरडत का असतात आणि सगळ्यात जास्त जपायचं कशापासून. माझी बरीच नोकरी रॅम्पवर झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट मनात पक्की करा: पायलटला तुम्ही दिसत नाही, असं धरूनच वागायचं. ७४७, ७७७, ए३८० यांसारख्या विमानांत त्याला स्वतःच्या पंखांची टोकंसुद्धा दिसत नाहीत. बघायचीच तर खिडकी उघडून डोकं बाहेर काढावं लागेल. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१२ साली याच कारणासाठी अशा विमानांवर कॅमेऱ्यासारखी सोय सक्तीची करण्याची शिफारस केली होती. ७७७-३००ईआरचा पंखविस्तार ६४.८ मीटर आहे, ए३८०चा ७९.७५. पायलट पिवळी रेघ धरून चालतो आणि दोन्ही बाजूंना तीस-चाळीस मीटरवर सगळं मोकळं आहे असं समजतो.

ते समजणं बहुतेक वेळा बरोबर ठरतं, कारण स्टँडची (विमान उभं करायच्या जागेची) आखणीच तशी असते. मोठ्या विमानांसाठी पंखाच्या टोकापासून शेजारच्या वस्तूपर्यंत ७.५ मीटर अंतर, असा आयसीएओचा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा) निकष आहे. पण हे अंतर तेव्हाच खरं, जेव्हा नोज व्हील (नाकाखालचं चाक) रेघेवर असतं, शेजारचं विमान आपल्या स्टँडमध्ये पूर्ण आत गेलेलं असतं आणि कोणी बेल्ट लोडर (सामान चढवायची पट्ट्याची गाडी) हद्दीच्या लाल रेघेबाहेर सोडून गेलेला नसतो. एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर एक छोटं सीआरजे-७०० गेटकडे वळून थांबलं होतं, शेपटी अजून मागे होती. मागून जाणाऱ्या ए३८०च्या डाव्या पंखाचं टोक त्या शेपटीला लागलं आणि ते अख्खं छोटं विमान प्रवाशांसकट गरकन फिरलं. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला एक ७४७ चुकून अरुंद टॅक्सीवेवर (विमानं चालत जातात त्या रस्त्यावर) शिरलं आणि त्याचा पंख एका इमारतीत घुसला. विमानातलं कोणी जखमी झालं नाही, पण इमारतीतली चार माणसं जखमी झाली. रेघ बरोबर असेल तरच रेघेवर चालणं सुरक्षित.

वळताना आणखी एक गोष्ट होते, ती नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. मोठ्या विमानांचे पंख मागे झुकलेले असतात, त्यामुळे पंखाचं टोक मुख्य चाकांच्या बरंच मागे असतं. विमान डावीकडे वळायला लागलं की उजव्या पंखाचं टोक आधी बाहेरच्या बाजूला सरकतं. सरळ चालताना जे अंतर सुटत होतं, ते वळताना सुटेलच असं नाही. म्हणून विंग वॉकरने (पंखाच्या टोकावर लक्ष ठेवत चालणाऱ्या माणसाने) वळण संपेपर्यंत नजर टोकावरून काढायची नाही. 'निघालं एकदाचं' म्हणून पाठ फिरवणारे मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यांना मीही ओरडलो आहे.

आता जेट ब्लास्ट, म्हणजे इंजिनाच्या मागून सुटणारा झोत. थांबलेलं जड विमान हलवायला पायलटला इंजिनाचा जोर क्षणभर बराच वाढवावा लागतो. विमान चालू लागलं की तो कमी करतो. खरा धोका त्या क्षणभरातच आहे, आणि वळणावर थांबून पुन्हा निघताना तर झोताची दिशाही फिरत जाते. आधी धावपट्टीकडे असलेला झोत बघता बघता शेजारच्या बेवर (स्टँडवर) येतो. रिकामा एकेई कंटेनर (विमानात सामान भरायची धातूची पेटी) ऐंशी किलोंच्या आसपास भरतो आणि त्याच्या बाजू एखाद्या शिडासारख्या वारा धरतात. ब्रेक न लावलेली डॉली (कंटेनर वाहायची गाडी), सुटलेलं ताडपत्रीचं टोक, चाकांना लॉक नसलेला जिना यांतलं काहीही माणसावर येऊ शकतं. स्टँडवरून विमान निघताना मागच्या बेवर काम चालू आहे का, हे बघणं हेडसेटवाल्याचं (पायलटशी हेडसेटवर बोलणाऱ्याचं) काम आहेच. पण मागच्या बेवर तुम्ही असाल, तर ते तुमचंही आहे.

इंजिनाच्या पुढच्या बाजूबद्दल मी कोणाचंही ऐकून घेत नाही. डिसेंबर २०२२ च्या शेवटच्या दिवशी अमेरिकेत अलाबामातल्या मॉन्टगोमेरीला एक एम्ब्रेअर १७५ गेटवर आलं. त्याचं एपीयू (विमानाला वीज देणारं छोटं इंजिन) बंद होतं, म्हणून इंजिनं चालूच ठेवली होती. विमान येण्याआधी सगळ्यांना तसं बजावलं होतं, बीकनही (इंजिन चालू असल्याचा लाल दिवा) लुकलुकत होता. तरी सेफ्टी कोन लावायला गेलेली एक महिला कामगार इंजिनासमोरून गेली आणि आत खेचली गेली. मुंबईत डिसेंबर २०१५ मध्ये एक तंत्रज्ञ असाच इंजिनात खेचला जाऊन दगावला. तिथे माणसं बाजूला झाल्याची खात्री होण्याआधीच विमान पुढे निघालं होतं. कान झाकलेले असतात, आजूबाजूला चार विमानांचा आवाज असतो, त्यामुळे समोरचं इंजिन चालू आहे की बंद हे ऐकून कळत नाही. फक्त बीकन बघा, आणि तो विझल्यावरही फॅन थांबलेला डोळ्यांनी बघा. चोक (चाकांना लावायचे ठोकळे) आणि कोन दोन मिनिटं उशिरा लागले तर काही बिघडत नाही. टर्नअराउंडच्या (आलेलं विमान पुढच्या उड्डाणाला तयार करायच्या) घाईत कोणी ढकलायला लागलं, तर त्याला हेच सांगा.

थांबवण्याबद्दल: दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली की 'थांबा'. तुम्ही मार्शलर (हातांच्या खुणांनी विमानाला वाट दाखवणारे) नसलात, कालच रुजू झालेले असलात, तरी धोका दिसल्यावर ही खूण करायची. विमान विनाकारण थांबलं म्हणून रागावणारा सुपरवायझर भेटेल. त्याला रागावू द्या आणि लगेच लेखी रिपोर्ट टाका, म्हणजे पुढच्या पाळीलाही कळतं.

आणि पुढच्या ड्युटीला जाण्याआधी एक काम करा. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक विमानाच्या मॅन्युअलमध्ये इंजिनाच्या पुढच्या आणि मागच्या धोक्याच्या पट्ट्याचा आराखडा असतो, आयडलसाठी (इंजिन नुसतं चालू असताना) वेगळा आणि जास्त जोरासाठी वेगळा. तो मागून घ्या आणि रिकाम्या स्टँडवर ती अंतरं पावलांनी मोजा. ७३७ची सवय असलेल्या माणसाला ७७७चा पट्टा कुठपर्यंत येतो, हे नुसतं वाचून उमगत नाही.