ललिता बाबरसारखं व्हायचंय, मग अकादमी की सायन्स?

सस्नेह नमस्कार ताई,

दहावीतली तुमची लेक 3000 मीटरला जिल्ह्यात दुसरी आली. तिला धावपटू ललिता बाबरसारखं व्हायचंय. घरचे मात्र म्हणतात, "तिचा विक्रमसुद्धा मोडला, शेवटी नोकरीच केली ना!" म्हणून दहावीनंतर अकादमीत पाठवू की सायन्सला घालू, असं तुम्ही विचारलंय.

घरच्यांचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. ललिता माण तालुक्यातल्या मोहीची. जानेवारी 2014 मध्ये मुंबई मॅरेथॉनला ती भारतीय महिलांत पहिली आली. तेव्हा तिचं नाव झालेलं होतं, रस्त्यावरच्या शर्यतींतच ती सुखाने राहिली असती. पण त्याच वर्षी तिने इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत पदक आणलं ते 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये. त्यात 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी असते. मॅरेथॉनची लय अंगात मुरलेली असताना, पंचविशीत हे शिकायला फार धीर लागतो. माझ्या लेखी तिची खरी मोठी गोष्ट ही आहे. पुढे 2015 ला वुहानमध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण मिळालं. 2016 ला रिओत प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम झाला आणि अंतिम फेरीत ती दहावी आली. ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी त्याआधी भारतीय महिलेने गाठली होती ती 1984 ला, पी. टी. उषाने.

तो विक्रम पारुल चौधरीने 2023 मध्ये मोडला, हे खरं. पण विक्रम मोडला म्हणून ललिताचं काम पुसलं जात नाही. पारुलला ओलांडायला ती खूण तिनेच तर ठेवली होती. आणि नोकरीला घरात एवढं कमी का लेखतात? धावत असताना ललिताला रेल्वेचा आधार होता, नंतर ती राज्याच्या प्रशासकीय सेवेत आली. दोन्ही गोष्टी तिने धावूनच कमावल्या.

आता तुमच्या लेकीचं. सायन्स की आर्ट्स हे तिच्या आवडीवर सोडा, पण सकाळ-संध्याकाळ सराव जमेल असंच कॉलेज बघा. पदवी सोडायची नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण जिल्हा पातळीचं प्रमाणपत्र त्याला पुरत नाही. शिवाय पदासाठी लागणारं शिक्षणही हवंच. पुढच्या स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं नीट जपून ठेवा, त्यांची पडताळणी होते. हिमोग्लोबिन अधूनमधून तपासून घ्या. सराव वाढल्यावर पाळी थांबली तर "धावणाऱ्या मुलींचं असं होतंच" हे कुणाचंही ऐकू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

अकादमी बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या फोटोंवर जाऊ नका. तीन वर्षांपूर्वी दाखल झालेल्या मुली आज कुठे आहेत, किती जणी दुखापतीने थांबल्या, किती जणींचं शिक्षण सुटलं, हे प्रशिक्षकांना विचारा. जमलं तर त्यांतल्या एखादीच्या आईशी बोला आणि मगच फी भरा.