पहिल्या क्रूझची बॅग: कुठली वस्तू कधी हाताशी हवी

सात रात्रींची पहिलीच क्रूझ, बंदरापर्यंत विमानप्रवास, माणशी एक मोठी आणि एक छोटी बॅग. यात काय काय भरायचं, असा प्रश्न आहे. वस्तूंच्या याद्या ढिगाने मिळतात, पण त्या पाठ करून भरलेली बॅगही ऐन वेळी दगा देते. कारण क्रूझमध्ये मोठी बॅग तीनदा तुमच्या हातातून जाते: विमानात, जहाजावर चढताना आणि उतरायच्या आदल्या रात्री. बहुतेक फजिती याच तीन वेळांत होते. त्यामुळे प्रत्येक वस्तू भरताना एवढंच बघा, मोठी बॅग जवळ नसेल तेव्हा ही लागणार आहे का? लागणार असेल तर ती छोट्या बॅगेत.

जहाजावर चढण्यापासून सुरुवात करतो, कारण विमानाची सवय अनेकांना असते, याची नसते. मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात, त्या स्कॅन होतात आणि मग तुमच्या केबिनच्या दाराशी येऊन पडतात. हजारो बॅगा असतात. तुमची दुपारी येईल, नाहीतर रात्रीच्या जेवणानंतरही येईल. तोवर औषधं, चष्मा, चार्जर, पोहण्याचे कपडे, चपला, सनस्क्रीन आणि जेवायला जाण्याजोगा एक जोड छोट्या बॅगेत असू द्या. पासपोर्ट मात्र हातातच. तो मोठ्या बॅगेत ठेवून बॅग हमालाच्या हवाली करणारे प्रत्येक फेरीला निघतात. मग तपासणीच्या खिडकीपाशी उभं राहून शेकडो बॅगांमधून आपली शोधायची पाळी येते.

बॅगेला लावायची जहाजाची चिठ्ठी बहुतेक कंपन्या आधीच पाठवतात, ती घरी छापून घ्यायची. साधा कागद दमट हवेत आणि ओढाताणीत फाटतो. तो घडी घालून बॅगेच्या मुठीभोवती गुंडाळा, तीन-चार स्टेपल मारा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. विमानाच्या जुन्या पट्ट्या काढून टाका. बॅगेच्या आतही नाव, जहाज आणि केबिन क्रमांक लिहिलेला कागद ठेवा. बाहेरची चिठ्ठी गेलीच तर बॅग कोणाची हे त्यावरून कळतं.

सगळ्यांच्या बॅगा आल्या आणि तुमचीच आली नाही, तर बहुधा ती सुरक्षा विभागाने अडवलेली असते. इस्त्री, कपड्यांचा स्टीमर, पाण्याची विजेची किटली, मेणबत्त्या या नेहमीच्या आरोपी. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते, हे त्यामागचं कारण. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा भाग) असलेला एक्स्टेंशन बोर्डही जप्त होतो, आणि त्याचं कारण लोकांना पटत नाही म्हणून सांगतो. घरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल तार जमिनीला जोडलेली असते आणि हे बोर्ड ते गृहीत धरून बनवतात. जहाजावर मात्र बहुतेक ठिकाणी दोन्ही तारा जहाजाच्या सांगाड्यापासून अलग ठेवलेल्या असतात. अशा जोडणीत कुठे बिघाड झाला, तर बोर्डातला सर्जचा भाग तापून पेट घेऊ शकतो. काही कंपन्या अलीकडे साध्या एक्स्टेंशनलाही नाही म्हणतात. थेट भिंतीत बसणारा, चार-पाच यूएसबी खाचांचा चार्जर न्या. केबिनमध्ये सॉकेट मोजकेच असतात, बहुधा अमेरिकी पद्धतीचे आणि युरोपीय दोन गोल पिनांचे. चार्जरवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ छापलेलं असेल तर नुसता पिन बदलणारा अॅडॉप्टर पुरतो. अॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, त्यामुळे घरचा हेअर ड्रायर घरीच ठेवा. केबिनमध्ये तो बहुधा असतोच.

पॉवर बँक विमानात चेक-इन (मोठ्या) बॅगेत चालत नाही, ती केबिन (छोट्या) बॅगेतच. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. हिशेब सोपा: मिलिअॅम्पिअर-अवरला ३.७ ने गुणा आणि १,००० ने भागा. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची निघते, २७,००० ची जेमतेम मर्यादेत बसते. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. आकडा पुसून गेलेली पॉवर बँक तपासणीत अडकू शकते. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला आग लागल्यापासून अनेक विमान कंपन्यांनी पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता जवळ ठेवायला सांगितलं आहे.

द्रव पदार्थांचा नियम माहीत असेल: १०० मिलीपर्यंतच्या बाटल्या, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोजतात ती बाटलीची क्षमता, आतला माल नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाला उरलेली क्रीमही काढून घेतात. काही विमानतळांनी हा नियम सैल केला आहे, पण मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या विमानतळाचा नियम लागू होतो, म्हणून जुनाच पाळा.

आता कपडे. इथे सगळेच जास्त भरतात. सात रात्रींना वरचे पाच, खालचे तीन (अंगावरचा धरून), आतले आठ, पोहण्याचे दोन जोड आणि एक पातळ जाकीट एवढं पुरतं. पोहण्याचे दोन कशाला, तर ओला कपडा केबिनच्या बाथरूममध्ये सकाळपर्यंत वाळत नाही. जाकीट उन्हाळी समुद्रातही लागतं, कारण नाट्यगृहातला एसी आणि रात्री डेकवरचा वारा दोन्ही बोचरे असतात. जीन्स एकच, आणि तीही विमानात अंगावर. सात रात्रींत बहुतेक कंपन्या एक किंवा दोन संध्याकाळी नीटनेटका पोशाख सांगतात. एकच चांगला जोड दोन्ही वेळा चालतो, लक्षात ठेवायला कोणी बसलेलं नसतं. बूट जास्तीत जास्त दोन जोड, त्यातला जड पायात. ओल्या डेकवर गुळगुळीत तळव्याची चप्पल घसरते, रबरी तळ बघून घ्या.

गुंडाळून भरा की घडी घालून, यावर लोक तावातावाने भांडतात. जागा थोडी वाचते, वजन तेवढंच राहतं, आणि विमानात पैसे वजनाचे जातात. चेक-इन बॅगेची मर्यादा बहुधा २३ किलो, केबिन बॅगेची अनेक ठिकाणी ७ किलो असते. तिकिटावर बघा. जाताना १९ किलोच्या वर भरू नका, म्हणजे परतीला जागा राहते.

केबिनच्या भिंती सहसा पोलादी असतात. चार-सहा चुंबकी हुक नेले तर टोप्या, ओले कपडे, पिशव्या टांगता येतात. याद्यांमधल्या फालतू वस्तूंमध्ये ही एक खरोखर कामाची.

औषधं पूर्ण प्रवासाची अधिक तीन-चार दिवसांची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं. इन्सुलिन चेक-इन बॅगेत ठेवू नका, तिथल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनवर जपानमध्ये कडक निर्बंध आहेत. खोकल्याच्या आणि वेदनेच्या काही औषधांतल्या कोडीनसाठी संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी लागते. बोट लागायची भीती असेल तर गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कोणती गोळी चालेल हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. ज्यांना हमखास त्रास होतो त्यांनी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकची केबिन घ्यावी. डोलणं तिथे सगळ्यात कमी जाणवतं.

मार्गातल्या देशांचे नियम एकदा वाचाच. बार्बाडोस, जमैका आणि कॅरिबियनमधल्या आणखी काही देशांत सामान्य माणसाने लष्करी छाप्याचे कपडे घालणं गुन्हा आहे, लहान मुलांची टोपीसुद्धा त्यात येते. सिंगापूरमध्ये ई-सिगारेट नेता येत नाही, च्युइंग गमही १९९२ पासून बंद. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाताना बुटांचे तळवे ब्रशने घासून घ्या, मातीबद्दल तिथे खरोखर विचारतात. आणि व्हिसा: जहाज एका देशातून निघून दुसरीकडे जाऊन परत त्याच देशात येत असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. परतीची तारीख धरून पुढे सहा महिने पासपोर्ट चालू असावा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट बंदरावर मिळतात. त्याआधी उद्याचे कपडे, अंतर्वस्त्रं आणि बूट बाजूला काढा. दर फेरीला कोणीतरी रात्रीच्या पायजम्यात जहाजावरून उतरतं, ते याचमुळे. स्वतःच्या बॅगा स्वतःच ओढत नेणार असाल, तर बाहेर न ठेवण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात.

फोन जहाज सुटतानाच विमान मोडवर टाका आणि वाय-फाय वेगळं चालू करा. नाहीतर तो जहाजाचं उपग्रह-नेटवर्क पकडतो आणि बिल महिनाभराने कळतं. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, फोन बंदरातल्या स्थानिक वेळेवर उडी मारू शकतो. त्यासाठी एक साधं मनगटी घड्याळ सामानात असू द्या. बंदरावर फिरायला उतरताना जहाजाच्या रोजच्या पत्रकावर छापलेली परत येण्याची वेळ आणि जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर, दोन्हींचा फोटो काढून घ्या. तुम्हाला सोडून जहाज निघून गेलंच, तर फोन त्या नंबरवर करायचा असतो.