कोडी घालणारा रक्षक खेळात आणताना

आपल्या नाशिकच्या गटात तुम्ही प्रथमच काल्पनिक विश्वातील पात्रे होऊन खेळायच्या खेळाचे सूत्रधार होत आहात आणि पहिल्याच मोहिमेत स्फिंक्स, म्हणजे सिंहाचे धड आणि माणसाचे डोके असलेला, कोडी घालून वाट अडवणारा प्राणी, आणणार आहात, म्हणून हे मनापासून सुचवतो. कोडे अडले की खेळही अडतो, हा या पात्राचा खरा धोका आहे. त्यामुळे चुकलेल्या उत्तराने दार कायमचे बंद करू नका, तर लढाई, वचन किंवा लांबचा रस्ता अशी किंमत मागा. ग्रीक पुराणकथेतील थीब्स नगरीच्या स्फिंक्सचे चार, दोन आणि तीन पायांचे कोडे बहुतेकांना ठाऊक असते, ते टाळावे. वनपर्वातील यक्ष मात्र जरूर अभ्यासा: सर्व प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर तो एकाच भावाला जिवंत करण्याचा पर्याय देतो, आणि युधिष्ठिर भीम-अर्जुनांऐवजी माद्रीचा पुत्र नकुल मागतो, तेव्हा कुठे त्याची खरी परीक्षा पूर्ण होते. तुमच्या रक्षकालाही समोरच्याबद्दल असे काही जाणून घ्यायचे असले पाहिजे. उत्तराचे धागे त्याच्या दालनातच पेरा. पांडवलेण्यांतील स्तंभांवर कोरलेले प्राणी निवांत पाहिलेत, तर त्या दालनाचे वर्णन सुचेल. कोडे मराठीतच रचा आणि आधी मोठ्याने वाचून पाहा.